जुनं लिनक्स नव्या मशीनवर : डिस्क उचलून लावायची की सगळं नव्याने टाकायचं?

जुनीवही
(सोमवार, रात्री ९.२०)

मंडळी, मदत हवी आहे आणि मतंही हवी आहेत.

माझ्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आहे. २०१५ साली आवृत्ती ८ टाकली, त्यानंतर एकदाही पुसलेलं नाही. ९, १०, ११, १२ या सगळ्या पायऱ्या जागच्या जागीच चढले. इतक्या वर्षांत त्यात माझं बरंच काही साठलंय. रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) बॅकअप होतो, फोटो तारखेनुसार लावणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, कीबोर्डचा स्वतः बसवलेला लेआउट आहे. शिवाय प्रिंटरची एक जोडणी आहे. ती तीन रात्री जागून जमवली होती आणि नेमकं काय केलं ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

आता मशीन बदलतेय. जुन्यात बायोस (मशीन उठवण्याची जुनी पद्धत), एमबीआर पद्धतीची (डिस्कचे विभाग मांडण्याची जुनी रचना) २४० जीबीची साटा एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्यावर बंदिस्त ड्रायव्हर. नव्यात एएमडी प्रोसेसर, ग्राफिक्स त्यातच, १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा नव्या जोडणीची एसएसडी), आणि बूट फक्त यूईएफआयने (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत).

जुनी डिस्क काढून नव्यात लावली तर मशीन उठेल का? की मन घट्ट करून नव्याने टाकू? हे मशीन मला घरासारखं आहे, त्यामुळे "फॉरमॅट मारा" हे उत्तर देणार असाल तर कारणही सांगा.

टर्मिनलवासी

लावा आणि चालू करा! मी चार मशीनं अशीच बदलली आहेत, त्यातली दोन तर इंटेलवरून एएमडीवर.

लोकांना हे जादू वाटतं, पण कारण साधं आहे. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत) मॉड्यूल म्हणून डिस्कवर असतात, तुमच्या मशीनला लागणारे आणि न लागणारेही. मशीन चालू झालं की प्रत्येक उपकरण आपला उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगतं, यूडेव्ह हा प्रोग्राम त्यावरून जुळणारं मॉड्यूल शोधतं आणि चढवतं. हे प्रत्येक बूटला नव्याने होतं. काल कोणता मदरबोर्ड होता हे कर्नल लक्षात ठेवत नाही.

अर्धविराम

टर्मिनलवासी यांचं कर्नलबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण जुनीवही यांच्या बाबतीत गाडी कर्नलपर्यंत पोचणारच नाही.

एमबीआर डिस्कवरचा ग्रब (लिनक्स चढवून देणारा प्रोग्राम) पहिल्या सेक्टरमध्ये बसलेला असतो आणि बायोस तो वाचतं. यूईएफआय तिकडे बघतही नाही. त्याला फॅट३२ मधलं एक ईएसपी विभाजन (बूटच्या फाइल्सची जागा) लागतं आणि त्यात .ईएफआय फाइल लागते. तुमच्या जुन्या डिस्कवर दोन्ही नाहीत. नवं मशीन सरळ "बूट करण्यासारखं काही सापडलं नाही" म्हणेल आणि तुम्हाला वाटेल डिस्क गेली.

आणखी एक गोष्ट यूईएफआयवरून यूईएफआयवर जाणाऱ्यांसाठी, कारण तेही इथे अडकतात. "डेबियन" नावाची बूटची नोंद डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) असते. डिस्क हलली तरी नोंद जुन्या बोर्डावरच राहते. अशा वेळी नवा बोर्ड फक्त ठरलेल्या जागी शोधतो : ईएसपीमध्ये ईएफआय फोल्डर, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४.ईएफआय. ग्रब-इन्स्टॉलला "रिमूव्हेबल" पर्याय दिला की ग्रबची प्रत तिथेच पडते. डिस्क हलवण्याआधी जुन्या मशीनवरच हे करून ठेवलं तर नव्यावर काहीच करावं लागत नाही.

डिस्कवर काय राहतं आणि बोर्डावर काय राहतं, एवढं वेगळं करता आलं की हा सगळा विषय सोपा होतो.

मधलीसुट्टी

वाचतेय. मलाही पुढच्या महिन्यात हेच करायचंय. अर्धविराम यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

कोरीपाटी

माझं मत वेगळं आहे आणि कारणासह देतो, कारण धागाकर्तीने मागितलंय.

आठ-दहा वर्षं चढत आलेल्या सिस्टिममध्ये गाळ साठतो. कधीकाळी टाकलेली पॅकेजेस, काढली तरी मागे राहिलेल्या त्यांच्या कॉन्फिग फाइल्स, आता कुणीच न वापरणाऱ्या जुन्या पद्धती. २०१५ च्या सिस्टिममध्ये नेटवर्क कार्डाचं नाव अजून ईटीएच० असेल, बघा. नव्याने टाकलेल्या डेबियनमध्ये आवृत्ती ९ पासूनच ते नाव बदललंय.

नव्याने टाकायला अर्धा तास लागतो. होम फोल्डर उचलून ठेवायचा, एपीटी-मार्क या आदेशाने, हाताने टाकलेल्या पॅकेजेसची यादी काढायची आणि ती नव्यावर लावायची. ईटीसी फोल्डरमधलं (सिस्टिमच्या कॉन्फिग फाइल्स) मात्र आंधळेपणाने नाही उचलायचं, एकेक फाइल वाचून, समजून घ्यायची. प्रिंटरच्या त्या जोडणीत तुम्ही काय केलं होतं हे तुम्हाला आज माहीत नाही, हीच खरी अडचण आहे. डिस्क उचलून नेली की ते न कळलेलंच पुढे जाईल.

जुनीवही

कोरीपाटी, मुद्दा पटला, विशेषतः शेवटचा. पण मला आधी चालू असलेलं मशीन हवंय आणि मग त्यात बसून शांतपणे वाचायचंय. पुसल्यावर वाचायला काय उरणार?

आणि हो, आत्ताच बघितलं. ईटीएच० च आहे.

सुतारपक्षी

माझ्यावर आलेला प्रसंग सांगते, म्हणजे टर्मिनलवासी यांच्या "लावा आणि चालू करा"मध्ये कुठे ठेच लागते ते कळेल.

माझीही साटावरून एनव्हीएमई अशीच बदली होती. सगळं कॉपी केलं, ग्रब बसवला. मेनू आला, कर्नल निवडला, चार ओळी धावल्या आणि मग अर्धा मिनिट काहीच नाही. शेवटी ओळ आली : "अलर्ट! यूयूआयडी अमुकतमुक डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल!" खाली कंसात इनिटरॅमएफएस आणि लुकलुकणारा कर्सर. मी यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून एकेक अक्षर ताडून पाहिलं. बरोबर होता! मग त्याच शेलमध्ये डेव्ह फोल्डर उघडून बघितलं तर एनव्हीएमईच्या नावाने काहीच नाही. म्हणजे पत्ता बरोबर होता, पण घरापर्यंत जाणारा रस्ताच नव्हता.

कारण असं की मूळ डिस्क माउंट होण्याआधी (वापरासाठी जोडली जाण्याआधी) कर्नल इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या गाठोड्यावर चालतं. एनव्हीएमईचं मॉड्यूल मोठ्या डिस्कवर असून उपयोग नाही, ते या गाठोड्यात असावं लागतं. डेबियन आपणहून जवळजवळ सगळी मॉड्यूल त्यात भरतं. पण फार वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना मी "फक्त या मशीनला लागणारी" हा पर्याय निवडला होता. गाठोडं छोटं, पण फक्त जुन्या घरापुरतं.

जुनीवही, इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि कॉन्फ.डी फोल्डरातल्या फाइल्समध्येही "मॉड्यूल्स" ही ओळ बघा. "मोस्ट" असेल तर निर्धास्त राहा. "डेप" असेल तर "मोस्ट" करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. हे जुन्या मशीनवर, निघायच्या आधी.

वाटसरू

सुतारपक्षी यांनी सांगितलेलं फेडोरावाल्यांनीही लक्षात ठेवावं (फेडोरा, आर्च, जेंटू हे लिनक्सचे इतर प्रकार). तिथे ड्रॅकट हे हत्यार मुळातच "या मशीनपुरतं" गाठोडं बांधतं. पण ग्रबच्या मेनूत "रेस्क्यू" नावाची नोंद असते, तिचं गाठोडं सर्वांसाठीचं असतं. नव्या मशीनवर पहिल्यांदा त्या नोंदीने उठायचं आणि मग ड्रॅकट पुन्हा चालवायचं. आर्चमध्ये हेच काम फॉलबॅक इमेज करते, तुमच्याकडे ती बनवलेली असेल तर.

जेंटूवाल्यांचं दुखणं मात्र खोल आहे. जुन्या प्रोसेसरसाठी "नेटिव्ह" लावून सगळं कंपाइल केलं असेल तर दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरवर "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून प्रोग्राम जागीच पडतात. त्यांनी हलण्याआधीच सर्वसाधारण पर्याय लावून पुन्हा बांधून घ्यावं.

टर्मिनलवासी

बूटचा मुद्दा मान्य, अर्धविराम. माझी चारही मशीनं बायोसचीच होती, हे आता लक्षात आलं.

मग असं करा : दोन्ही डिस्क एकत्र लावा, डीडीने जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवा आणि ग्रब तेवढा नव्याने बसवा.

अर्धविराम

डीडी या कामाला नको. माझी कारणं :

हुबेहूब म्हणजे एमबीआर रचनाही हुबेहूब. तुम्हाला जीपीटी (विभाग मांडण्याची नवी रचना) हवी आहे. ईएसपीला जागाही काढायची आहे, म्हणजे नंतर विभाजनं सरकवत बसणं आलं.

दुसरं, यूयूआयडीही हुबेहूब येतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना कर्नलला एकाच नावाच्या दोन फाइल सिस्टिम दिसतात आणि जी आधी सापडेल ती माउंट होते. तुम्हाला वाटतं नव्यावर काम चाललंय आणि प्रत्यक्षात जुनीवर लिहिलं जातंय. एक्सएफएस निदान दुसरी माउंट करायला नकार देते. बीटीआरएफएसमध्ये तर डेटा खराब होण्याची भीती असते.

आणि चुकून इनपुटच्या जागी आउटपुट लिहिलं तर दहा वर्षं एका एंटरमध्ये गेली. डीडी विचारत नाही.

त्यापेक्षा आरसिंक (फाइल्स कॉपी करणारा आदेश). नव्या मशीनला दोन्ही डिस्क लावून लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) उठायचं, नव्या डिस्कवर जीपीटी करायची, ५१२ एमबीचं फॅट३२ ईएसपी, उरलेलं ईएक्सटी४. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करायची, म्हणजे तिला धक्का लागत नाही. आरसिंकला छोटा ए, मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच आणि न्यूमेरिक-आयडीज हे पर्याय द्यायचे. एकटा छोटा ए पुरेल असं वाटतं, पण त्यात हार्डलिंक (एकाच फाइलची दुसरी नावं), एसीएल (जादा परवानग्या) आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला चिकटलेली जादा माहिती) येत नाहीत. फाइल्सना दिलेल्या कॅपेबिलिटी (खास अधिकार) त्या ॲट्रिब्यूटमध्येच असतात, त्या गळल्या की साधी हत्यारंही परवानगी नाही म्हणून रुसतात. लाइव्हवरून करत असल्यामुळे प्रॉक आणि सिस (चालू कर्नलची माहिती दाखवणारे फोल्डर) वगळण्याची गरज नाही, जुन्या डिस्कवर ते फोल्डर रिकामेच असतात.

मग नव्या डिस्कचे यूयूआयडी ब्लॉकआयडीने बघून एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) लिहायचे आणि ईएसपीची ओळ वाढवायची. डेव्ह, प्रॉक, सिस, रन बांधून सीएचरूट करायचं (म्हणजे नव्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरायचं), ईएसपी बूट/ईएफआयवर माउंट करायचं. आत ग्रब-पीसीच्या जागी ग्रब-ईएफआय-एएमडी६४ टाकायचं, मग ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब, अपडेट-इनिटरॅमएफएस. सीएचरूटमध्ये ईएफआयव्हार्स (एनव्हीरॅमपर्यंत पोचायची वाट) माउंट असायला हवं, नाहीतर ग्रबला एनव्हीरॅममध्ये नोंद करता येत नाही.

मधलीसुट्टी

हे सगळं खऱ्याखुऱ्या कागदावर उतरवून घेतलं. धन्यवाद अर्धविराम.

रातकिडा

एनक्रिप्ट केलेल्या डिस्कवाल्यांसाठी एक कळकळीची विनंती. लक्सची (लिनक्सवर डिस्क एनक्रिप्ट करण्याची पद्धत) किल्ली टीपीएममध्ये (बोर्डावरची किल्ल्या जपणारी चिप) ठेवली असेल आणि मशीन आपोआप उघडत असेल, तर ती किल्ली त्या बोर्डाच्या टीपीएमला बांधलेली आहे. नव्या बोर्डावर ती चालणार नाही. हलण्याआधी पासफ्रेज लावलेला आहे ना आणि तो खरंच आठवतो ना, हे एकदा हाताने टाइप करून बघा. माझ्या ओळखीतल्या एकाचा पासफ्रेज दोन वर्षं टाइपच झाला नव्हता. सुदैवाने जुना बोर्ड अजून जिवंत होता, म्हणून डेटा वाचला.

सिक्युअर बूटचंही (सही असलेलंच चालू देणारी सोय) तसंच. डीकेएमएसने (कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बांधणारं हत्यार) बांधलेली मॉड्यूल ज्या एमओके किल्लीने सही केलेली असतात, तिची नोंद जुन्या बोर्डावर. नव्यावर मोकयूटिल या आदेशाने पुन्हा आयात करावी लागते.

अर्धविराम म्हणतात तेच, काय डिस्कवर आणि काय बोर्डावर.

पाऊलवाट

+१ रातकिडा.

जुनीवही, बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर जुन्या मशीनवरच पर्ज करून (कॉन्फिगसकट काढून) निघा, आणि ईटीसीमधल्या एक्स११ फोल्डरात एक्सऑर्ग.कॉन्फ फाइल असेल तर ती बाजूला ठेवा. त्यात ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं असतं. नव्यात ते कार्डच नाही, म्हणजे एक्स (पडद्यावरच्या खिडक्यांची व्यवस्था) उठणार नाही आणि काळा पडदा बघत बसावं लागेल.

नेटवर्कचं नावही बदलणार. नेटवर्कमॅनेजर असेल तर तो बहुधा निभावून नेतो. इंटरफेसेस फाइलमध्ये ईटीएच० लिहिलेलं असेल तर हाताने बदलावं लागेल. यूडेव्हच्या रूल्समध्ये ७०-पर्सिस्टंट-नेट नावाची जुनी फाइल असेल, तीही काढा, तिच्यात जुन्या कार्डाचा मॅक पत्ता आहे.

अवांतर : मशीन बदललं की तुम्ही होस्टनेमही बदलता का? मी कधीच नाही बदललं. तिसऱ्या हार्डवेअरवर तेच नाव चाललंय.

सुतारपक्षी

मी बदलते. नवी पेटी, नवं बारसं. पाळण्यातलं नाव मात्र ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलमध्येही बदलायचं, नाहीतर सूडो प्रत्येक वेळी कुरकुर करतं.

रातकिडा

अवांतराला अवांतर : जुनं मशीनही चालू ठेवणार असाल तर नाव बदलाच, आणि मशीन-आयडी व एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही एकीकडे नव्याने बनवा. एकच मशीन-आयडी असलेली दोन मशीनं एकाच नेटवर्कवर आली की काही मांडण्यांत राउटर दोघांना एकच आयपी देतो. आधी हे चालतं की मग ते, असा खेळ होतो आणि कारण लवकर सापडत नाही.

कोरीपाटी

मी अजून नव्याने टाका याच मताचा आहे, पण हलवणारच असाल तर एक सांगतो. डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअरसाठी (उपकरणात भरायचं सॉफ्टवेअर) नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग झालाय. नवं इन्स्टॉल करणाऱ्यांना तो आपोआप मिळतो. जागच्या जागी चढलेल्यांच्या सोर्सेस यादीत तो हाताने घालावा लागतो. तुमच्या नव्या एएमडी ग्राफिक्सला फर्मवेअर लागणार. जुन्या मशीनवर नेटवर्क चालू असतानाच ते पॅकेज टाकून ठेवा.

जुनीवही
(रविवार, सकाळी ११.०५)

झालं! हे मी नव्या मशीनवरून लिहितेय.

काल सकाळी बसले. अर्धविराम यांची रीत पायरीपायरीने केली. आरसिंकला पाऊण तास लागला, तेवढा वेळ मी नुसती धावणाऱ्या ओळी बघत होते. २०१६ चे फोटो, मग २०१७ चे. सीएचरूटमध्ये ग्रब-इन्स्टॉलने तक्रार केली, "ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड ऑन धिस सिस्टिम". मी सिस बांधलं होतं, पण त्याच्या आतलं ईएफआयव्हार्स वेगळं माउंट करायचं राहिलं होतं. ते केलं आणि दुसऱ्या खेपेला "नो एरर रिपोर्टेड".

जुनी डिस्क काढून ठेवली, बटण दाबलं. ग्रब आला. मग माझाच लॉगिनचा पडदा आला, माझ्याच वॉलपेपरसह, पण सगळं मोठंमोठं आणि फाटल्यासारखं. कोरीपाटी, तुमचं ऐकलं होतं, पण अर्धंच : यादीत विभाग घातला, पॅकेज मात्र टाकायचं विसरले. आणि आता नेटवर्क नाही, कारण इंटरफेसेस फाइलमध्ये अजून ईटीएच०! आधी नेटवर्क, मग फर्मवेअर, हा क्रम तेव्हा कळला. आयपी आदेशाने नवं नाव बघितलं, ते ईएनपी५एस० निघालं. फाइलमध्ये बदललं, जुनी रूल्सची फाइल काढली, केबलचा दिवा लागला. एएमडीचं फर्मवेअर उतरवून घेतलं, रीबूट केलं, आणि पडदा आरशासारखा स्वच्छ.

एक कुसळ उरलंय. दर बूटला सुरुवातीलाच अर्धा मिनिट थांबतं आणि सस्पेंड-रिझ्यूमचं काहीतरी सापडलं नाही म्हणतं. एफएसटॅबमधली स्वॅपची (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) ओळ बदलली आहे. मग कशाची वाट बघतंय?

टर्मिनलवासी

अभिनंदन!!

सुतारपक्षी

वा! ते अर्धं मिनिट म्हणजे जुनं स्वॅप शोधतंय. हायबरनेट केलेलं असेल तर तिथून उठता यावं म्हणून त्याचा यूयूआयडी इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरात "रिझ्यूम" नावाच्या फाइलमध्ये वेगळा लिहिलेला असतो. तिथे नवा यूयूआयडी घाला, किंवा हायबरनेट वापरत नसाल तर "नन" लिहा. मग अपडेट-इनिटरॅमएफएस.

पाऊलवाट

यावरून आठवलं, मधलीसुट्टी, तुम्ही अजून निघायच्या आहात म्हणून सांगतो. जुनं मशीन हायबरनेट केलेल्या अवस्थेत डिस्क काढू नका. पूर्ण बंद करा. जुन्या मशीनची मेमरी नव्या मशीनमध्ये जागी करण्यात अर्थ नाही आणि फाइल सिस्टिमचं नुकसान होऊ शकतं.

जुनीवही

सुतारपक्षी, गेलं ते अर्धं मिनिट! "नन" लिहिलं.

प्रिंटरही लगेच चालला. आणि कोरीपाटी, तुमच्यासाठी : आज ईटीसीमधलं कप्सचं (छपाईची व्यवस्था) फोल्डर उघडून ती जोडणी वाचली. तीन रात्रींचं काम म्हणजे एका पीपीडी (प्रिंटरचं वर्णन असलेल्या) फाइलमधल्या दोन ओळी आणि एक फिल्टर होता. आता वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी कदाचित तुमच्या मार्गाने जाईन.

सकाळी बॅकअपची लॉग फाइल बघितली. २०१५ पासूनच्या ओळी, रोज रात्री दोनची एक. मधे फक्त शनिवारची ओळ नाही, कारण शुक्रवारी रात्रीच जुनं मशीन बंद करून ठेवलं होतं. रविवारची आहे.

कोरीपाटी

दोन ओळी सापडल्या हे वाचून फार बरं वाटलं. त्या इथेही टाका, तोच प्रिंटर असलेल्या कुणाला उपयोगी पडतील.

मधलीसुट्टी

शेवटचा प्रश्न. माझी बदली झाली की जुनी डिस्क पुसून बॅकअपला वापरू का? मला एक लागणारच आहे.

अर्धविराम

लगेच नको. महिनाभर तरी तशीच राहू द्या. काहीतरी राहिलंय हे तिसऱ्या आठवड्यात एखादी स्क्रिप्ट पडली की कळतं. आरसिंकने नेलं तर यूयूआयडी वेगळे असतात, त्यामुळे हवी तेव्हा जोडून बघता येते. फक्त वाचण्यापुरती माउंट करा, हवं ते घ्या. आणि डिस्कवर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा.